सर कुठे बसतात?

आमच्या शाळेत गावकऱ्यांच्या वर्गणीतून एक मोठा टीव्ही आला आहे. पावसाळ्यात मैदानावर चिखल झाला की खेळाच्या तासाला मी मुलांना त्यावर जुने सामने दाखवते. त्या दिवशीही पत्र्यावर पाऊस नुसता ताशा वाजवत होता. मी 2012 सालच्या लंडन ऑलिंपिकमधला बीच व्हॉलीबॉलचा अंतिम सामना लावला होता. एका बाजूला जर्मनीचे युलियुस ब्रिंक आणि योनास रेकरमान, दुसऱ्या बाजूला ब्राझीलचे आलिसन आणि इमान्युएल. मुलं आधी हसली. "बाई, हे वाळूत का खेळतायत?" "बाई, दोघंच कसे? बाकीचे आजारी पडले का?" मग हळूहळू सगळी गप्प होऊन बघायला लागली.

आणि अचानक मागच्या रांगेतून चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, यांचे सर कुठे बसलेत?"

मी टीव्हीकडे नीट पाहिलं. पंच होते, रेषेवर झेंडा घेऊन उभे असलेले साहाय्यक होते, चेंडू आणून देणारी मुलं होती. सर नव्हते! मी डी.एड. करताना आमच्या विद्यालयाच्या संघातून व्हॉलीबॉल खेळले आहे. तो सहा-सहा जणींचा साधा व्हॉलीबॉल. आमच्या बाई बाकावर बसायच्या आणि सामना संपेपर्यंत त्यांचा आवाज बसलेला असायचा. म्हणून मला वाटत होतं की या खेळातलं मला सगळं कळतं. पण या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. "उद्या सांगते," म्हटलं. (आम्हा शिक्षकांचं हे आवडतं वाक्य आहे, बरं का!)

घरी जाऊन शोधलं तेव्हा कळलं, की या खेळात मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये कितीतरी वर्षं नियमच असा होता : सामना सुरू झाला की प्रशिक्षकानं मैदानाबाहेर जायचं. ओरडायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, विश्रांतीच्या वेळी जवळ येऊन कानात काही सांगायचं नाही. जे काय सांगायचं ते आधी! नंतर तुम्ही इतरांसारखे प्रेक्षक. अलीकडच्या काही वर्षांत हा नियम सैल झाला आहे, आता प्रशिक्षकाला मैदानालगत जागा मिळू लागली आहे. पण लंडनचा तो सामना जुन्या नियमाचा होता.

आता विचार करा. वाळूचं मैदान, लांबी 16 मीटर, रुंदी 8 मीटर. एका बाजूला फक्त दोघं. राखीव खेळाडू नाही, म्हणजे एकाचा पाय मुरगळला आणि त्याला खेळता आलं नाही, तर सामना गेला. डोळ्यांवर ऊन, अंगावर वारा. दोन्ही संघांना सारखाच वारा मिळावा म्हणून दर सात गुणांनी बाजू बदलतात. बोटांच्या टोकांनी चेंडू हळूच पलीकडे टाकायची मुभा नाही, त्यासाठी बोटं दुमडून पेरांनी मारावा लागतो. जाळीजवळ उभा असलेला खेळाडू पाठीमागे हात नेऊन बोटांनी खुणा करतो. एक बोट म्हणजे 'सरळ रेषेत येणारा चेंडू मी अडवतो', दोन बोटं म्हणजे 'तिरका येणारा अडवतो'. उरलेलं मैदान जोडीदारानं सांभाळायचं. हे सगळं दोघांनीच ठरवायचं, तेही दोन सर्व्हिसच्या मधल्या काही क्षणांत. चुकलं तर "सरांनी सांगितलं होतं" असं म्हणायची सोयच नाही.

मग मला वाटलं, जो माणूस स्वतः असा खेळला आणि पुढे प्रशिक्षक झाला, त्याचं काय होत असेल? ज्याला मैदानावर सगळं स्वतःच करायची सवय, त्यानं आता हात बांधून बसायचं! तो शोध घेताना मला यॉर्ग आमान भेटला. म्हणजे प्रत्यक्ष नाही हं, वाचनात.

यॉर्ग आमानचा जन्म 1966 चा. जर्मनीच्या पश्चिमेकडे नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया नावाचं राज्य आहे, तिथला तो. हा भाग एकेकाळी कोळशाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने यांच्यासाठी ओळखला जायचा. गंमत म्हणजे या राज्याला समुद्रकिनाराच नाही! जर्मनीला समुद्र आहे तो फक्त उत्तरेला. तिथल्या बाल्टिक समुद्राच्या काठी टिमेनडॉर्फर श्ट्रांड नावाचं गाव आहे, आणि जर्मनीची बीच व्हॉलीबॉलची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा वर्षानुवर्षं तिथे भरत आली आहे. थंडीच्या दिवसांत तर तिथल्या पुळणीवर अनवाणी उभं राहणंही कठीण. अशा देशात हा खेळ वाढवायचा म्हणजे आणून टाकलेल्या वाळूवर, आणि हिवाळ्यात छपराखाली. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या किंवा ब्राझीलच्या मुलांसारखं 'शाळा सुटली, पाटी फुटली, चला पुळणीवर' असं तिथे नव्हतं.

बीच व्हॉलीबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला तो 1996 साली, अमेरिकेतल्या अटलांटा इथे. तिथेही समुद्र नव्हताच, शहराबाहेर मुद्दाम वाळू पसरून मैदानं केली होती. आमान आणि त्याचा जोडीदार आक्सेल हागर त्या पहिल्याच ऑलिंपिकमध्ये खेळले आणि पदकाविना परत आले. सोनं आणि रुपं अमेरिकेच्या जोड्यांनी नेलं, कांस्य कॅनडानं. चौथी आली पोर्तुगालची जोडी, मिगेल माया आणि ज्वाँव ब्रेन्या. या दोघांची नावं लक्षात ठेवा.

चार वर्षं गेली. या खेळात जोड्या सारख्या मोडतात आणि नव्या जमतात. दोघांचंच घर असतं ना, भांडणाला तिसरा मध्ये पडणारा कोणी नसतो! पण 2000 साली सिडनीला आमान आणि हागर पुन्हा एकत्रच आले. आमान तेव्हा 34 वर्षांचा होता. मी आज 36 ची आहे आणि शाळेचा जिना दोनदा चढले की मला धाप लागते, म्हणून या आकड्याचं मला जरा जास्तच कौतुक.

सिडनीत या खेळासाठी बाँडाय नावाच्या प्रसिद्ध किनाऱ्यावर दहा हजार माणसं बसतील असं तात्पुरतं स्टेडियम उभारलं होतं. आपली पुळण खराब होईल या भीतीनं तिथल्या लोकांनी आधी त्याला खूप विरोध केला होता. तिथे आमान-हागर उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचले आणि हरले. सुवर्णपदकाची आशा संपली. आता उरला कांस्यपदकाचा सामना, आणि समोर कोण? तेच माया आणि ब्रेन्या! अटलांटात चौथे आलेले. त्यांनाही हे पदक हवंच होतं.

आमान-हागर जिंकले. बीच व्हॉलीबॉलमध्ये ऑलिंपिक पदक मिळवणारी युरोपातली ती पहिली जोडी. पोर्तुगालचे दोघं पुन्हा चौथे! दोन ऑलिंपिक, आणि दोन्ही वेळा पदकाच्या एक पायरी खाली. ही हकिकत मी वर्गात सांगितली तेव्हा मुलांना आमानपेक्षा त्या दोघांचंच जास्त वाईट वाटलं. एका मुलानं तर "मग त्यांना एक बक्षीस तरी द्यायचं, उत्तेजनार्थ," असं सुचवलं. माझाही जीव त्या दोघांत अडकतो, पण आजची गोष्ट आमानची आहे.

सिडनीनंतर लगेच एक मोठा बदल झाला. जुन्या नियमात सर्व्हिस ज्याची, गुण त्यालाच मिळायचा. सर्व्हिस नसलेल्या संघानं चेंडू जिंकला तर त्याला नुसती सर्व्हिस मिळायची, गुण नाही. सामने कधी कधी मारुतीच्या शेपटासारखे लांबायचे. शिवाय मैदान मोठं होतं, 18 मीटर लांब आणि 9 मीटर रुंद. सिडनीनंतर एक-दोन वर्षांतच मैदान लहान झालं, आणि सर्व्हिस कोणाचीही असो, दर खेपेला कोणाला तरी गुण मिळू लागला. पहिले दोन डाव 21 गुणांचे, तिसरा 15 चा. जुन्या खेळात चूक झाली तर सावरायला वेळ होता. नव्या खेळात प्रत्येक चुकीचा गुण लगेच समोरच्याच्या खात्यात.

म्हणजे पाहा, ज्या खेळात आमाननं पदक मिळवलं तो खेळ त्याच्या डोळ्यांसमोर बदलून गेला. आणि त्यानंतर तो प्रशिक्षक झाला! जर्मन व्हॉलीबॉल संघटनेचा राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणून त्यानं स्टुटगार्टच्या केंद्रात काम केलं. स्टुटगार्ट हे दक्षिणेकडचं मोटारींच्या कारखान्यांचं शहर, समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब. तिथे त्याच्या हाताखाली पुढच्या पिढीतली मुलंमुली आली. त्यांना "आमच्या वेळी आम्ही असं करायचो" हे सांगून भागणारं नव्हतं, कारण त्याच्या वेळचं मैदानच उरलं नव्हतं. मी पाढे ज्या पद्धतीनं पाठ केले त्या पद्धतीनं आज शिकवत नाही, तरी रोज एकदा तरी माझ्या तोंडून "आमच्या वेळी" निघतंच. म्हणून मला हे अवघड वाटतं.

आणि त्याहून अवघड ते गप्प बसणं.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायला हवी. सांगायला लाज वाटते, पण सांगते. दोन वर्षांपूर्वी केंद्राच्या क्रीडा स्पर्धा होत्या. आमच्या मुलींचा खो-खोचा संघ अंतिम सामन्यात पोहोचला होता. शेवटची पाळी, आमचा संघ बसलेला, समोरची शेवटची मुलगी पळतेय, आणि तिला बाद केलं की आम्ही जिंकणार. आमची एक चपळ मुलगी तिच्या मागे लागली होती. पळणारी मुलगी झुकांडी देऊन मागच्या मागे वळली. मी रेषेबाहेर उभी होते, मला ती दिसली. माझ्या तोंडून किंकाळीसारखा आवाज निघाला, "वळ! अगं, मागं वळ!"

खो-खो खेळणाऱ्या कोणालाही विचारा. पाठलाग करणारीनं एकदा दिशा घेतली की खांब गाठल्याशिवाय मागं वळता येत नाही. तिनं फक्त बसलेल्या मैत्रिणीला खो द्यायचा असतो. हे त्या मुलीला पक्कं ठाऊक होतं. मीच तर शिकवलं होतं! पण बाईंचा आवाज ऐकला आणि ती वळली. शिट्टी वाजली. फाऊल! तेवढ्यात पळणारी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचली होती, आणि थोड्या वेळात पाळी संपली.

परतीच्या टेम्पोत ती माझ्या शेजारी बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "बाई, मी खो देणारच होते. तुम्ही ओरडलात म्हणून वळले."

मी काय बोलणार? मी "हो गं" एवढंच म्हणाले. ती मुलगी म्हणजे पुढे टीव्हीसमोर "यांचे सर कुठे बसलेत?" असं विचारणारीच. तेव्हा ती तिसरीत होती. तिनं तो प्रश्न सहज विचारला होता की मुद्दाम, हे मी तिला कधी विचारलं नाही. धीर झाला नाही.

म्हणून मी लंडनचा तो सामना नंतर घरी पुन्हा लावून बघितला. या वेळी खेळाडूंकडे कमी आणि त्या नसलेल्या सरांकडे जास्त लक्ष होतं. ब्रिंक-रेकरमान यांचे प्रशिक्षक होते युर्गेन वाग्नर. पहिला डाव जर्मनीनं 23-21 असा घेतला, दुसरा ब्राझीलनं 21-16 असा. तिसऱ्या डावात जर्मनी 14-11 वर पोहोचली. आणखी एकच गुण, की सुवर्णपदक! तीन संधी हातात. आणि तिन्ही गेल्या. 14-12, 14-13, 14-14. मुलांनो, त्या क्षणी वाग्नर यांच्या जागी मी असते तर खुर्चीवर उभी राहून ओरडले असते, आणि मला बाहेर काढलं असतं. वाग्नर यांना नियमानं एक शब्दही आत पाठवता येत नव्हता. वाळूवर ते दोघं एकमेकांशी काहीतरी बोलले, पुन्हा पाठीमागे बोटांच्या खुणा झाल्या, आणि पुढचे दोन्ही गुण त्यांनी घेतले. 16-14. या खेळात युरोपातल्या कोणी मिळवलेलं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. आमान-हागरच्या कांस्यानंतर बारा वर्षांनी आलेलं.

चार वर्षांनी, 2016 साली, रिओमध्ये कोपाकबानाच्या किनाऱ्यावर लाउरा लुडविग आणि किरा वाल्कनहोर्स्ट या जर्मन मुलींनी ब्राझीलच्या जोडीला ब्राझीलमध्येच हरवून सुवर्ण मिळवलं. स्टेडियम यजमानांच्या बाजूनं गर्जत होतं. त्यांचेही प्रशिक्षक वाग्नरच. तेव्हाही ते मैदानाबाहेरच.

सामन्यात बोलायचं नाही म्हटल्यावर असे प्रशिक्षक सरावात काय करत असतील? मला वाटलं होतं, आधीच सगळं ठासून भरत असतील, परीक्षेच्या आदल्या रात्रीसारखं. पण तसं करून भागत नाही, कारण वारा कुठून येईल आणि समोरचा काय करेल हे आदल्या दिवशी कोणाला माहीत? प्रतिस्पर्ध्यांच्या खेळाची चित्रफीत बघून काही आडाखे बांधता येतात. हा डावखुरा आहे, तो दमला की तिरका मारतो, वगैरे. बाकी सरावात एकेक अडचण मुद्दाम उभी करायची आणि ती खेळाडूंनाच सोडवायला लावायची. उत्तर सांगून टाकलं तर ते सामन्यात उपयोगी पडत नाही, कारण सामन्यात सांगणारा नसतो.

मी आमच्या मुलींवर हे करून पाहायचं ठरवलं. पहिले काही दिवस फार वाईट गेले. सराव चालू असताना मी मध्येच थांबवायची आणि विचारायची, "आता काय करायचं?" सगळ्या जणी माझ्या तोंडाकडे बघायच्या. मी उत्तर द्यायची नाही. मग आपापसांत भांडण सुरू व्हायचं. एक म्हणायची खो दे, दुसरी म्हणायची खांबापर्यंत जा. एक पालक कुंपणाबाहेरून हे बघत होते. ते म्हणाले, "बाई, तुम्ही शिकवताय की नुसतं विचारताय?" त्यांची शंका चुकीची नव्हती. आठ दिवस तर मलाही तीच शंका होती. त्यातून तोंड बंद ठेवायची मला मुळीच सवय नाही. मी चक्क शिट्टी ओठांत धरून ठेवायची, म्हणजे बोलता येणार नाही.

नवव्या की दहाव्या दिवशी मात्र मी थांबवण्याआधीच त्या स्वतः थांबल्या. बसलेल्या मुलींपैकी एक जण म्हणाली, "ती पळते ना, ती नेहमी उजवीकडेच झुकांडी देते. आपण तिकडच्या दोघींनी तयार राहायचं." खरं सांगू? हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा केंद्राच्या स्पर्धा झाल्या. मी मैदानापासून चांगली वीस पावलं लांब, लिंबाच्या झाडाखाली सतरंजीवर बसले. शेजारच्या शाळेचे गुरुजी रेषेला चिकटून नाचत होते, आणि मधूनमधून माझ्याकडे बघून हसत होते. पहिला सामना आम्ही जिंकलो. दुसऱ्यात, त्या गुरुजींच्याच संघाशी, एका गुणानं हरलो. शेवटच्या मिनिटाला आमच्या एका मुलीनं घाईत चुकीच्या जागी खो दिला. मला तो आधीच दिसला होता, आणि माझी नखं तळहातात रुतली होती.

सामना संपल्यावर त्या सगळ्या माझ्याकडे न येता मैदानातच गोल करून बसल्या आणि हातवारे करत बोलायला लागल्या. मी पाण्याची कळशी आणि पेले घेऊन गेले, तर ती चौथीतली मुलगी मान वर करून म्हणाली, "बाई, जरा थांबा हं. आमचं बोलून होऊ दे."

मी कळशी खाली ठेवली आणि लिंबाखाली परत जाऊन बसले.